पट्टी बाहेर

टाचणीबाईंचे पाय स्वस्थ असलेले कोणी पाहिले नव्हते. उभं आयुष्य पायमशीनवर गेलेलं. जेवायला बसल्या तरी टेबलाखाली पाय वर-खाली, देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले तरी पाय वर-खाली. मुलगा लहानपणी म्हणायचा, आई देवालासुद्धा टीप घालते. खरं नाव कागदोपत्री असेल तेवढंच. ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढून बाई बोलायला लागल्या की समोरच्याला वाटे, टाचण्या होत्या तेच बरं होतं.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. शाळेचे गणवेश, पडदे, अभ्रे, पण मुख्य काम दुरुस्तीचं. चेन बदलायची, कंबर सैल करायची, उंची कमी करायची. बाईंच्या हातून गेलेल्या कपड्याला कुठे धागा लोंबत नसे. बंदाचं टोक, अस्तराची कड, जे काही बाहेर डोकावेल ते आत खोचायचं, अंगठ्याने दाबायचं, की झालं. ही सवय कपड्यापुरती राहिली असती तर ठीक होतं. एकदा बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांचा मागून सुटलेला शर्ट त्यांनी पँटमध्ये खोचला होता. गृहस्थ दचकून वळले तेव्हा कुठे बाईंना कळलं की आपल्या हातांनी काय उद्योग केला. त्यानंतर कितीतरी महिने त्या बँकेत गेल्या नाहीत, यजमानांना पाठवायच्या.

यजमान विजेचे मीटर वाचायचे. सकाळी घराबाहेर पडायचं आणि दारोदार, जिनोजिने हिंडायचं. गावातली सगळी कुत्री त्यांना ओळखत, आणि सगळे त्यांना मीटरकाका म्हणत. तोही पायांवर जगलेला माणूस. त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरात जे व्हायचं तेच झालं. सकाळ-संध्याकाळ ते स्वतःच्याच घराचा मीटर वाचू लागले आणि इस्त्रीने आज किती खाल्लं ते दुकानात येऊन, गिऱ्हाइकांदेखत सांगू लागले. फ्रिज उघडायचा, आत बघायचं, बंद करायचा. खिडकी उघडायची, बाहेर बघायचं, बंद करायची. शेवटी एक दिवस बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सुनावलं की एका घरात दोन भोवरे फिरत नाहीत, बाहेर काही तरी बघा.

त्यांनी बघितलं. म्हणजे धोंडा बाईंनी आपल्याच हाताने आपल्या पायावर पाडून घेतला म्हणायचा.

गावाला लागून मोठा तलाव होता. त्याच्या पाणी उपसण्याच्या जुन्या इमारतीशेजारी नौका क्लब होता. तिथे मीटरकाका आणि त्यांचा दोस्त, निवृत्त पोस्टमन, असे दोघे जण कयाक शिकायला लागले. कयाक म्हणजे एकट्या माणसाची अरुंद, लांबट होडी. वरून झाकलेली, मधोमध बसायला भोक, आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. काका तर पहिल्याच महिन्यात वेडे झाले. एक जुनी पिवळी कयाक घेऊनच टाकली आणि तिच्या बुडाला घासूनघासून असं चमकवलं की बाई म्हणाल्या, संसारातल्या एका भांड्याला असा हात लावला असतात तर. पण मनात त्यांना बरं वाटत होतं. माणूस संध्याकाळी थकून येई, पोटभर जेवे, मीटर वाचायचा विसरे.

फक्त तो येईपर्यंतचा वेळ वाईट जाई. दुकानातून तलाव दिसत नसे. समोरच्या लाँड्रीच्या धुराड्यातून निघणारा धूर तेवढा दिसे. धूर सरळ वर गेला की बाईंची टीप सरळ. धूर तलावाच्या बाजूला वाकला की सुई इकडे आणि नजर तिकडे. देवाला म्हणत, आत्ता आण, मग नाही काही मागणार. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागत.

मग पोस्टमन आपल्या लेकीकडे कायमचा राहायला गेला. क्लबचा एक कडक नियम होता. पाण्यात नारिंगी बोये, म्हणजे तरंगती पिंपं, लावून हद्द आखलेली होती आणि त्यापलीकडे जायचं तर जोडीनेच जायचं. दोघांनीही परीक्षा दिलेली हवी, एक उलटला तर दुसऱ्याला त्याला बाहेर काढता आलं पाहिजे. काका एकटे पडले. बोयांच्या आत गोल गोल फिरू लागले, घाण्याच्या बैलासारखे. नवीन जोडीदार शोधला, मिळेना. तरुण पोरांना आपल्या वयाचे हवे होते. काका घरी येऊन पुन्हा फ्रिज उघडू लागले.

आणि एका सकाळी ते ओलेचिंब परत आले. म्हणाले, क्लबच्या पायरीवरून घसरलो.

बाईंनी शर्ट हातात घेतला. तो नुसता ओला नव्हता, कॉलरच्या आतल्या बाजूला शेवाळाचा हिरवा धागा चिकटला होता. त्यांनी तो चिमटीत धरून नवऱ्यासमोर धरला आणि विचारलं की पायरीवरून घसरलेल्या माणसाच्या मानेपर्यंत तलाव कसा काय चढला. काका थोडे हसले, थोडे कान खाजवले आणि मग खरं बोलले. पहाटेच कयाक डोक्यावर घेऊन उपसा इमारतीच्या मागून पाण्यात उतरले होते, एकटे. बोयांपलीकडे गेले, वाऱ्याने आडवं घेतलं, उलटले. बाहेर आले, कयाक धरून पोहत किनाऱ्याला लागले. वेळ लागला, पण लागले.

"बघ, काही झालं का?" ते म्हणाले.

बाईंनी शर्ट पिळला, पुन्हा पिळला, पाणी संपलं तरी पिळत राहिल्या.

त्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून त्या क्लबात गेल्या, ती होडी कुलपात टाका असं सांगायला. तिथे शिकवणारी मुलगी दोरखंड गुंडाळत बसली होती. तिशीतली, उन्हाने रापलेली, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टीवाली म्हणत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की होडी काकांची आहे, आमच्या पायऱ्यांवरून मी त्यांना सोडणार नाही, पण तलावाला काठ केवढा आहे काकू, कुठे कुठे उभी राहू. त्यांना जोडीदार मिळाला तरच ते थांबतील.

"मग मला शिकव," टाचणीबाई म्हणाल्या.

बोलून गेल्यावर त्यांनाच कळेना की हे कोण बोललं. हात तोंडाकडे गेला, टाचण्या आहेत का बघायला. नव्हत्या. पण शब्द एकदा बाहेर पडला की तो गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेसारखा, मागे घेता येत नाही, असं त्या मानत आलेल्या.

घरी काका आधी खूप हसले. म्हणाले, अगं, तू तोंड धुताना श्वास धरून बसतेस. मग हसू ओसरलं. तेव्हा बाईंनी त्यांच्याकडून शब्द घेतला की आपली परीक्षा होईपर्यंत ते एकटे पाण्यात जाणार नाहीत. काकांनी दिला. पण तो माणूस शपथेवर खोटं बोलत नसे, म्हणून पुढचंही त्यांनी बोलून दाखवलं. "पास झालीस तर दोघं जाऊ. नाही झालीस तर मला अडवू नकोस. घरात बसून मी नाही जगणार."

बाईंना ते पटलं नाही, पण समजलं. आता त्यांच्या पास होण्यावर काय अवलंबून होतं ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्याबद्दल पुन्हा बोलायची गरज उरली नाही.

शिकवणी सुरू झाली ती जमिनीवर. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, बाजूचे पट्टे कसे आवळायचे. शिट्टीवाली खांद्याला धरून जाकीट वर ओढून बघायची, हनुवटीपर्यंत आलं तर पुन्हा आवळा. वारा काठाकडून पाण्याकडे असेल तर तो मित्र वाटतो, पण तो परत येऊ देत नाही, हेही सांगितलं. धूर तलावाकडे वाकला की आपला जीव का उडत होता त्याचं कारण बाईंना आज कळलं, आणि कळून धीर यायच्या ऐवजी मागच्या सगळ्या संध्याकाळींची धडधड एकदम वसूल झाली.

पाण्यात बसल्यावर पहिली अडचण पायांची आली. कयाकमध्ये पाय लांब करून आतल्या खुंट्यांना टेकवायचे असतात. बाईंचे पाय टेकले की लागलीच वर-खाली. होडी डुलायला लागली. शिट्टीवाली म्हणाली, काकू, पाय. बाई म्हणाल्या, थांबवलेत. होडी आणखी डुलली. काठावर बसलेले काका म्हणाले की शिवून टाक एकदाचा तलाव. त्यावर बाईंनी जे उत्तर दिलं ते ऐकून शेजारी शिकणारी दोन पोरं वल्हं सोडून हसली, आणि त्यांच्या होड्या वाहत गेल्या.

मग पडायला शिकणं. ही विद्या न्यारी. आधी बुडायला शिकवायचं, मग चालवायला. होडी उलटली की घाबरून धडपडायचं नाही. पुढे वाकायचं, होडीच्या बुडावर हाताने तीनदा थापटायचं, म्हणजे वरच्याला कळतं की माणूस शुद्धीवर आहे. मग दोन्ही बाजूंनी जोर लावून बाहेर सरकायचं आणि वर यायचं, पण होडी सोडायची नाही. पहिल्या वेळेला बाई उलटल्या तेव्हा नाकातून पाणी थेट मेंदूत गेल्यासारखं वाटलं. थापटलं, बाहेर आल्या, खोकल्या, डोळे उघडले तर होडीची कड हातात होती. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. घरी जाऊन त्यांनी देवापुढे हात जोडले, पण काय बोलावं सुचेना, म्हणून नुसत्या उभ्या राहिल्या. पाय हलत होते.

त्यानंतर आला स्कर्ट. बोयांपलीकडे लाटा असतात, पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती रबरी कापडाचा घेर घालतात आणि त्याची लवचिक कड होडीच्या भोकाच्या काठावर ताणून बसवतात, बरणीच्या तोंडाला फडकं बांधावं तसं. बाई त्याला परकर म्हणत. परकर बसवायला त्यांना क्षणभरही लागत नसे, शिट्टीवालीपेक्षा सुबक बसे. पण त्या परकराला पुढे एक पट्टी असते, हाताच्या मुठीत मावेल एवढी. उलटल्यावर तीच चाचपडून धरायची, पुढे ओढायची, की सगळी कड सुटते आणि माणूस मोकळा होतो. म्हणून परकर बसवताना पट्टी कायम वर, बाहेर राहिली पाहिजे. आत गेली तर पाण्याखाली ओढायला काही उरत नाही. शिट्टीवाली प्रत्येकाला प्रत्येक वेळी विचारायची, पट्टी बाहेर? आणि शिकणाऱ्याने हाताने धरून दाखवून म्हणायचं, बाहेर. बाईंनी ते दर वेळी केलं. कधी चुकल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी आकाश पांढुरकं होतं आणि वारा पडलेला. काका सकाळपासून तीनदा म्हणाले की काळजी करू नकोस, आणि चौथ्यांदा म्हणाले तेव्हा बाईंनी त्यांना दुकानातली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायला बसवलं. दोघं क्लबात गेली, काका काठावर बसले, आणि सगळं रीतसर झालं. जाकीट आवळलं, परकर बसवला, शिट्टीवालीने पट्टी बघितली, बाईंनी धरून दाखवली. तेवढ्यात एका शिकाऊ पोराची होडी पायऱ्यांना आडवी लागली आणि शिट्टीवाली ती सोडवायला गेली.

बाई थांबल्या. उथळ पाण्यात, होडीत बसून, वल्हं बाजूला ठेवून. पायांना दटावून दटावून गप्प केलेलं होतं. मन मात्र पुढे धावत होतं, आपण नापास झालो तर हा माणूस उद्याच पहाटे जाईल, परवा जाईल, एखाद्या दिवशी शर्टच परत येईल. त्यांनी देवाचं नाव घेतलं. आणि त्या नाव घेत असताना त्यांच्या मोकळ्या हातांनी परकराची कड पुढून मागे सारखी केली, एक चुणी होती ती काढली, आणि पुढे लोंबणारं ते पट्टीचं टोक आत खोचून अंगठ्याने दाबलं. हजारो टोकं खोचलेला अंगठा. त्याने बाईंना विचारलंसुद्धा नाही.

शिट्टीवाली परत आली. म्हणाली, पट्टी बाहेर?

"बाहेर," बाई म्हणाल्या. खाली बघितलं नाही. मघाशीच तर दाखवली होती.

त्या उलटल्या. हिरवा अंधार, कानात पाण्याचा दाब. पुढे वाकल्या, हात पट्टीवर गेला आणि तिथे पट्टी नव्हती. नुसती गुळगुळीत कड. उजवीकडे चाचपडलं, डावीकडे चाचपडलं. कुठे टोक नाही, कुठे सुटलेला धागा नाही, इतकं नीटनेटकं काम. बाईंना त्याच क्षणी कळलं की हे काम कोणाचं आहे. मग मात्र शिकलेलं सगळं पुसून गेलं. पाय मशीनवर असल्यासारखे सुटले, गुडघे आपटले, छाती फुटायला आली. हाताने होडीचं बूड बडवलं ते मोजून तीनदा नव्हे, दारावर धडका माराव्यात तसं. आणि एकदम उजेड झाला. शिट्टीवालीने पाण्यातूनच होडीचा काठ धरून त्यांना होडीसकट सरळ केलं होतं.

बाई खोकत होत्या, डोळ्यांपुढे पांढरं दिसत होतं. त्या पांढऱ्यात एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुटांसकट उभा होता, चष्मा कुठेतरी पडलेला, तोंड उघडं होतं.  काकांनी होडीचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि ते हात इतके थरथरत होते की होडी हलत होती. या खेपेला ती बाईंच्या पायांनी हलत नव्हती.

काठावर आल्यावर ते म्हणाले की पुरे झालं, होडी विकून टाकतो.

घरी जाताना रस्ताभर त्यांनी शिट्टीवालीला बोल लावला. पोरीचं लक्ष नव्हतं, नीट बघायला हवं होतं, क्लबात तक्रार करतो. बाई ऐकत चालल्या. खरं सांगायचं तर त्यांना जे हवं होतं ते सगळं हातात आलं होतं. होडी जाणार, माणूस घरी राहणार, धुराड्याकडे बघायला नको. गप्प राहिल्या असत्या तरी कोणी विचारणार नव्हतं. पण शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

"तिचा दोष नाही. पट्टी मीच खोचली."

काकांना आधी समजेना. मग बाईंनी बोटांनी करून दाखवलं, सारखं करायचं, चुणी काढायची, टोक आत, अंगठा. काकांनी आपल्या शर्टाकडे बघितलं, तोही सकाळी याच अंगठ्याने खोचलेला, आणि रस्त्यातच कठड्यावर बसले.  मग म्हणाले की कोणी का खोचेना, होडी आता विकायचीच. त्यांनी बाईंना पाण्याखाली किती वेळ बघितलं ते त्यांनाच माहीत. म्हणाले, मी येईपर्यंत तुझं लक्ष त्या धुराड्याकडे का असायचं ते आज कळलं.

त्यांनी होडी विकायला काढली. म्हणजे क्लबातल्या फळ्यावर लिहिलं. पुढचे काही दिवस ते घरात इतके शहाण्यासारखे वागले की बाईंना बघवेना. फ्रिज उघडला नाही, मीटर वाचला नाही. मशीनशेजारी स्टुलावर बसून सुईत दोरा ओवून देत. दोरा ओवून झाला की हात मांडीवर ठेवून, पुढची सुई केव्हा लागेल याची वाट बघत. चालणारा माणूस असा बसला की घरातलं घड्याळ थांबल्यासारखं होतं. बाईंना वाटलं होतं की आता झोप लागेल. उलट त्यांची टीप वाकडी यायला लागली. एका गणवेशाची बाही त्यांनी उलटी लावली, असं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. आणि त्यातून त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत राहिली की आपण पाण्याला हरलो नाही, आपल्याच अंगठ्याला हरलो. त्यांनी देवाला विचारलं, ही सवय सुटेल का? उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. सुटणार नाही.

मग त्या पुन्हा क्लबात गेल्या. फळ्यावरचं काकांचं अक्षर पुसलं आणि शिट्टीवालीपुढे उभ्या राहिल्या. आधी आपली चूक सांगितली. मग म्हणाल्या, "पोरी, माझा हात परत खोचेल. आज नाही तर वर्षाने. मला पट्टी आत असताना बाहेर यायला शिकव."

शिट्टीवालीने दोर खाली ठेवला. असं कोणी मागितलेलं तिला आठवत नव्हतं. तिने त्यांना होडीत बसवलं, काठाशीच, आणि उपाय दाखवला. पट्टी नसेल तर पुढे शोधत बसायचं नाही. हात कमरेजवळ बाजूला न्यायचे, तिथलं ताणलेलं कापड मुठीत धरायचं, गुडघा वर दाबायचा आणि कड बाहेरच्या अंगाला ओढायची. एका जागी सुटली की सगळी सुटते. बाईंना हे कापडाचं बोलणं चटकन कळलं. कोरड्यावर दहादा केलं. मग पाण्यात.

काकाही मागोमाग आले होते, पण त्यांनी आधीच सांगितलं की मी बघणार नाही. ते पाण्याकडे पाठ करून पायरीवर बसले, उपसा इमारतीच्या भिंतीवरची भेग बघत. बाईंनी स्वतःच्या हाताने पट्टी आत खोचली, मुद्दाम, अंगठ्याने दाबून. देवाचं नाव घेतलं, यावेळी तोंडाने. आणि उलटल्या.

हिरवा अंधार तोच. कानातला दाब तोच. भीतीही कमी झाली नव्हती, उलट आता ती ओळखीची होती म्हणून लवकर आली. पण बाईंनी बूड थापटलं, एक, दोन, तीन, आणि हात पुढे नेलेच नाहीत. मूठ कमरेपाशी, गुडघा वर. कापड क्षणभर अडलं. मग एकदम सैल पडलं. त्या वर आल्या तेव्हा नाकातून पाणी वाहत होतं, आणि काका पाठ करून बसलेले नव्हते. ते पायरीवर उभे होते, चपला पाण्यात वाहत चालल्या होत्या.

"तुमचं तोंड तिकडे होतं ना?" बाई खोकत म्हणाल्या.

काका म्हणाले, भेग बघून झाली.

परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. उलटणं झालं, आपल्या होडीत परत चढणं झालं. शेवटी काकांना मुद्दाम पाण्यात पाडलं आणि बाईंनी त्यांना बाहेर काढायचं होतं. पाण्यात पडल्या पडल्या काका सूचना देऊ लागले, अगं डावीकडून ये, नाही, माझ्या होडीचं टोक धर, तसं नाही. बोलता बोलता घोटभर तलाव पोटात गेला. शिट्टीवालीने शिट्टी मारली आणि सांगितलं की काका, होडीतला माणूस बोलतो, पाण्यातला ऐकतो. मग बाई बोलल्या. अहो, तुमची होडी सोडू नका. माझ्या होडीच्या टोकाला धरा. आता ओढते, पाणी सांडू दे. आता चढा, पोटावर. एवढं सलग, मधे कोणी न तोडता, त्या घरात कधी बोलल्या नव्हत्या. काका एकेक करत गेले. दम लागलेला, ओठ निळसर, पण होडीत. शिट्टीवालीने त्यांच्या जोडीला पास केलं.

तेव्हापासून ते दोघे बोयांपलीकडे जातात. बाईंना पाणी आवडायला लागलं असं मात्र म्हणता येणार नाही. निघायच्या आधी त्या अजून धुराड्याकडे बघून घेतात. खोल पाण्यावर गेल्यावर पाय खुंट्यांवर चालू होतात आणि काकांना मागून हाक द्यावी लागते. पट्टी त्यांनी अजून दोनदा आत खोचली. एकदा काकांनी पाहिली, एकदा त्यांच्याच लक्षात आली. जोडीतल्या दुसऱ्याने हात लावून बघितल्याशिवाय निघायचं नाही, असा त्यांनी आता घरचा नियम केला आहे.

परवा एका शाळेचा मोठा ढीग आला होता, सगळ्या पँटी, सगळ्यांची उंची कमी करायची. दुपार टळली तरी बाई मशीनवरच. धुराड्यातून धूर सरळ वर जात होता, म्हणजे पाणी चांगलं असणार. काका दारात आले, बाहेर बघितलं, आत गेले. जाकीट खुंटीवरून काढलं, परत लावलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं की मला काही आज जमत नाही, तुम्ही बोयांच्या आत एक चक्कर मारून या, तेवढी परवानगी आहे. काका नाही म्हणाले. मग स्टुलावर बसले. सुईत दोरा ओवून दिला. थोड्या वेळाने विचारलं, किती राहिल्या. बाई म्हणाल्या, बऱ्याच.

 स्टुलाखाली काकांचा एक पाय जमिनीवर हळूहळू आपटत होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

बाईंनी तो पाय बघितला. एकट्याने जाता यावं म्हणून जो माणूस काठ शोधत हिंडला होता, तो आज बोयांच्या आतसुद्धा त्यांच्याशिवाय उतरायला तयार नव्हता. त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या गादीत टोचल्या. सुई अर्ध्या टिपेत होती, पँटचा एक पाय मशीनखाली अडकलेला. कपडा असा अर्धवट सोडून त्या कधी उठल्या नव्हत्या. त्या उठल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "उजेड जातोय."